न मागता मिळालेला तांब्या

मास्तर, एका तांब्याभर पाण्याची खरी किंमत किती पडली ते आज एकदा मांडतोच. पूर्णेकाठच्या त्या गावातला सप्ताह हातचा गेला. तिथली पुढची लग्नं दुसऱ्या भोंगेवाल्याकडं गेली, आणि त्याचा भोंगा फाटका आहे हे गावाला ठाऊक असून गेली. पोलीस ठाण्याच्या बाकावर आपण दोघं दोन दिवस बसलो आणि तिथले ढेकूण घरी घेऊन आलो. सगळ्यात महाग पडलं ते हे, की नुकते कुठं उठून बसायला लागलेले तुम्ही परत भिंतीकडं तोंड करून झोपलात. पाणी मात्र फुकट मिळालेलं होतं.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या नावाची पाटी रंगवणारा पेंटरही गेला. आता कशाला पत्र, असं तुम्ही म्हणाल. त्याला कारण माझी सून. गेल्या वर्षापासून मी दुकानाचं शटर जरा उशिरा उघडतो, जेवण पुढ्यात तसंच राहतं, हे तिनं पाहिलं. परवा एक गुळगुळीत वही आणून दिली. म्हणाली, "बाबा, रोज झोपायच्या आधी दिवसातल्या बारक्या बारक्या आनंदाच्या गोष्टी लिहीत जा. मन हलकं होतं." मी विचारलं, "कुणी सांगितलं?" "सगळेच सांगतात." मी म्हणालो, "सगळेच सांगायलेत म्हणजे कुणीतरी विकायलंय." ती हसली आणि वही ठेवून गेली. मी वही उलटी करून आधी किंमत पाहिली. मग पहिलं पान उघडलं, त्यावर सूर्यफूल छापलेलं, आणि एकदम तुमचा आवाज कानात आला, भोंग्यातून येतो तसा, थोडा नाकातून. त्याच सूर्यफुलावर हे लिहितोय.

दुकान तुमचं होतं. स्टेशनच्या रस्त्याला एक खण, दोन मशीन, चार भोंगे आणि तबकड्यांची एक पेटी. तुम्ही शाळामास्तरकी सोडून या धंद्यात आलात ते का, हे मी कधी विचारलं नाही आणि तुम्ही कधी सांगितलं नाही. मी गंगाखेडच्या पलीकडचा, कोरडवाहू घरचा, मॅट्रिकला दोनदा आपटलेला आणि लग्न ठरलेलं असल्यामुळं धंद्याला लागणं भाग असलेला गडी. मला धड अक्षर नव्हतं, हिशेबही तुमच्याकडंच शिकलो. पण कान होते. भोंगा नुसता खरखरला की त्याच्या बुडातलं आवाजाचं युनिट कुठं फाटलंय ते मी खाली उभा राहून सांगायचो. पंगतीत कोण कुणाच्या कानाला लागलं आणि काय म्हणालं, ते मला वाढप्याच्या आधी कळायचं. गिऱ्हाईक "उद्या देतो" म्हणालं की त्या उद्यातला पोकळ आवाज मला ऐकू यायचा. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. खरं म्हणजे बढाई म्हणूनच सांगतो. परभणी जिल्ह्यात मला कानानं कुणी फसवलं नाही, हे वाक्य मी आजवर इतक्या ठिकाणी म्हटलंय की माझ्या नातवालाही पाठ आहे.

काकू गेल्या, तुमचं घर रिकामं झालं आणि तुम्ही झोपलात. ताप नाही, खोकला नाही, नुसतेच पडून. मी शटर उघडायचो, तारखा घ्यायचो, पण परवाना तुमच्या नावावर. तुम्ही नाही तर भोंगा नाही. तेव्हा तुम्ही उठावं असं मला मनापासून वाटत होतं त्यात माझं पोटही होतं, हे लपवत नाही. गल्लीतल्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणाऱ्या होमिओपॅथीच्या डॉक्टरला मीच बोलावून आणलं. तो खाटेवर बसला, नाडी धरल्यासारखं केलं आणि म्हणाला, "मास्तर, गोळ्या देतो मी. पण रोज बारक्या सुखांची यादी करा. आज काय बरं वाटलं, एवढंच." तुम्ही विचारलं, "लिहून?" तो म्हणाला, "लिहू नका. तुमी शुद्धलेखन तपासत बसताल. तोंडानं म्हणा, मोठ्यानं म्हणा. मनातल्या मनात माणूस लय लबाडी करतो." मी दाराबाहेर उभा होतो. मला वाटलं, औषध सापडलं नाही की डॉक्टर लोक असलं काहीतरी देतात, आणि पैसे मात्र औषधाचेच घेतात.

घरात तुम्हाला ते जमेना. पुढं एकदा बोलून गेलात की रिकाम्या घरात सुखाचं नाव मोठ्यानं घेतलं की आवाज परत येतो आणि अंगावर काटा येतो. मग जिंतूर रस्त्याच्या एका गावात लग्न होतं. मी तुम्हाला जवळजवळ उचलूनच एस.टी.त बसवलं. मंडपात वायर जोडली, मशीन तापलं, तुमच्या हातात माईक दिला. या धंद्यात माईक हातात आला की माणूस काय म्हणतो? हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री. तुम्ही माईककडं बघत राहिलात आणि म्हणालात, "नुकता इस्त्री केलेला सदरा. अंगात घालताना गरम असतो तो." मी मशीनवरून मान वर केली. "बशीत सांडलेला चहा. तो आधी प्यायचा." सगळं गाव ऐकतंय. "पहाटेची मालगाडी पूर्णेकडं जाते तिचा आवाज. आपल्याला कुठंच जायचं नसताना."

नवरीचा बाप धोतर सावरत पळत आला. "अहो, मास्तर काय बोलायलेत?" मी म्हणालो, "टेस्टिंग हाय." "आता हे कसलं टेस्टिंग?" "नवीन पद्धत हाय, पाव्हणं. हैदराबादेवरून आलीय." तो मान डोलवत गेला. मी मात्र तुमच्याकडं संशयानं बघायला लागलो. आधी वाटलं, डोकं सरकलं. मग वाटलं, तसं नाही, या गावात कुणीतरी बाई आहे आणि हा इशारा आहे. पुढच्या दोन-तीन कामांना मी मशीन सोडून दारं बघत बसायचो, तुमच्या कुठल्या वाक्याला कुठली कडी वाजते. एका गावात एक म्हातारी तेवढी बाहेर आली, हातात केरसुणी घेऊन, आणि ओरडली, "अरं, त्या बाबाला च्या द्या रं कुणीतरी! कवाचा मागायलाय!"

पण तुम्ही उठलात, मास्तर. ते मला मान्य करावं लागलं. तारीख लागली की तुम्ही दाढी करायचात, वायरींची वेटोळी स्वतः घालायचात, आणि वाटेत सुखं गोळा करायचात. सायकल मध्येच थांबवून भाजीबाजारात कोथिंबिरीवर पाणी मारणाऱ्या बाईकडं बघत उभे राहायचात. मी म्हणायचो, "मास्तर, उशीर व्हायलाय." तुम्ही म्हणायचात, "थांब, टेस्टिंगला लागेल." तारीख नसली की परत खाट. तेव्हा मी कुणाच्याही तारखा घ्यायला लागलो. बारसं, उरूस, जयंती, सभा, ह्या बाजूची, त्या बाजूची. मला एवढंच कळलं होतं की ही यादी बंद पडली तर माणूस परत उठायचा नाही.

आणि ती वर्षं कसली होती ते तुम्हाला सांगायला नको. औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नावावरून गावं फुटली होती. घरं जळून झाली होती, मोर्चे, बंद, दगड खाऊन आलेल्या काचा नसलेल्या एस.ट्या. माणूस चहा कुठल्या कपात पितो ते लोक बघायचे. तुमच्या बोलण्यावरून तुमची जात काढायचे आणि माझ्या बोलण्यावरून माझा तालुका. भोंगेवाल्यावर तर दोन्हीकडून डोळा, कारण तो दोन्हीकडं जातो. एका बाजूच्या सभेला भोंगा दिला की दुसरी बाजू विचारायची, "का हो, आवाज जरा जास्तच ठेवला होता?" मी हसून वेळ मारून न्यायचो आणि मनात टिपून ठेवायचो, कोण कुणाला जाऊन काय सांगेल.

अशात चैत्रातला तो सप्ताह आला. फाट्यावर उतरून बैलगाडीत मशीन घालून आपण निघालो. गावाच्या अलीकडं बौद्धवाडा. त्यांची विहीर आटलेली, आणि बाभळीच्या तुटक्या सावलीत बाया रिकामे हंडे घेऊन बसलेल्या. गाडीवानानं न विचारता सांगितलं, "गावातल्या हिरीवर येऊ द्या म्हणून मागायलेत. गाव न्हाई म्हणायलंय. कुणी वाढलं तर घ्यायचं, न्हाईतर बसायचं." मी तुमच्या तोंडाकडं बघितलं, तिथं ऊन होतं आणि बाकी काही दिसलं नाही. ज्या घरी उतरलो तिथल्या माउलीनं उंबऱ्यावरच पाण्याचा तांब्या पुढं केला. तुम्ही तो उभ्यानं, डोळे मिटून, घटाघटा प्यालात. मग मारुतीच्या पारावर भोंगा बांधला, वायर जोडली, मशीन चालू करून दिलं, आणि तुम्ही माईक घेतलात.

त्या दिवशीच्या यादीतलं वाक्य पुढं सगळ्या तालुक्याला पाठ झालं. उन्हातून आल्यावर कुणीतरी न मागता हातात दिलेला, दुसऱ्याच्या विहिरीचा पाण्याचा तांब्या.

ऊन उतरायच्या आत पारासमोर दोन घोळके उभे. एक गावातल्या बागायतदारांचा. "मास्तर, तुमाला हितं बोलावलं ते भजनासाठी. आमच्या हिरीचं पाणी कुणाला द्यायचं ते तुमी भोंग्यावरून सांगणार?" दुसरा वस्तीतल्या तरण्या पोरांचा. त्यांचं म्हणणं नेमकं उलटं. "न मागता म्हंजी काय? आमी मागायलो म्हणून टोमणा मारला ह्यांनी. गावानंच शिकवलं ह्यांना." तुम्ही आळीपाळीनं दोघांकडं बघत म्हणत राहिलात, "अहो, मी पाण्याबद्दल बोललो." दोन्ही घोळक्यांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं, की तुम्ही खोटं बोलताय.

ठाण्यात फौजदारांच्या टेबलावर दोन तक्रारी शेजारी शेजारी. फौजदार बाहेरचे, नवे, तोंडात सुपारी. "हे म्हणतात, तुम्ही वस्तीला चिथावलं. ते म्हणतात, तुम्ही वस्तीला हिणवलं. मास्तर, एका वाक्यात दोन्ही कामं कशी केलीत? आम्हाला पण शिकवा." तुम्ही म्हणालात, "मी फक्त पाण्याबद्दल बोललो." ते म्हणाले, "ह्या दिवसांत फक्त पाण्याबद्दल कोण बोलतं?" मग माझ्याकडं वळले. "तू मशीनवर होतास ना? कसं म्हणाले? सरळ, की कुत्सित?" मी छाती पुढं काढली. "साहेब, टोमणा मला दोन शेतं पलीकडून ऐकू येतो. सरळ म्हणाले. त्यात काडीची खोच नव्हती." "एवढी खात्री?" "माझ्या कानांवर माझं पोट चालतं, साहेब." त्यांनी सुपारी गालात फिरवली आणि सोडलं आपल्याला. दारापर्यंत आल्यावर मागून म्हणाले, "आणि मास्तर, इथून पुढं वन टू थ्री. परवान्यावर लिहून देऊ का?"

तरी एवढ्यानं तुम्ही झोपला नसतात. वस्तीतला एक पोरगा परभणीला कॉलेजात होता. तो चार दिवसांनी दुकानात आला. बसला नाही. मी चहा मागवला तर म्हणाला, "च्या न्हाई पाहिजे." तुमच्या समोर उभा राहिला. "मास्तर, तुमी आमच्यासाठी बोललात, का आमच्यावर? एवढंच सांगा. मी भांडायला न्हाई आलो. माझी माय रोज मागूनच आणती पाणी. न मागता तिला अजून कुणी दिलं न्हाई. तुमाला दिलं, तुमाला बरं वाटलं, तुमी भोंग्यावर सांगितलं. ते तिनं ऐकलं." तुम्ही खुर्चीतून उठून उभे राहिलात. मी तुम्हाला फळ्यासमोर कधी पाहिलं नव्हतं, पण उत्तर न येणारं पोर कसं उभं राहतं ते मला माहीत होतं, मी तसाच उभा राहायचो. तो निघून गेला.

पुढच्या लग्नात तुम्ही वन टू थ्री म्हणालात. गैरहजर पोरांची हजेरी घ्यावी तसं. आणि दुसऱ्या दिवशी खाट. मृग गेला, आर्द्रा गेल्या, गावात पेरण्या उरकल्या, तुमची पाठ माझ्याकडंच. खानावळीचा डबा जसा यायचा तसा जायचा. डॉक्टर येऊन गेला, म्हणाला, "यादी चालू हाय ना?" मी त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडून आलो.

एका दुपारी लाईट गेलेली, पंखा थांबलेला, मी खाटेशेजारी बसून युनिट साफ करत होतो. तुम्ही भिंतीशी बोलल्यासारखं म्हणालात, "तुझ्या यादीत काय आहे?" मी म्हणालो, "मी कशाला यादी करू, मास्तर? सुख बोलून दाखवलं की कुणीतरी हिस्सा मागाय येतं." "तरी. काहीतरी असेल." मी खरं ते सांगितलं. "समोरचा खोटं बोलायलाय हे आपल्याला कळलेलं असतंय, आणि आपल्याला कळलंय हे त्याला कळलेलं नसतंय. तेवढा वेळ लय बरं वाटतं." तुमची पाठ हलायला लागली. मला वाटलं रडताय. तुम्ही हसत होता. "अरे लबाडा," म्हणालात, "घाल, ते घाल यादीत."

मग तुम्ही वळलात. किती दिवसांनी तोंड बघितलं तुमचं, दाढी पांढरीफेक. "मग तूच सांग," म्हणालात. "फौजदाराला सांगितलंस ते सोड. मला सांग. त्या दिवशी माझा आवाज कसा होता? मी साधं बोललो, की मास्तरकी केली? मला आता माझंच पटत नाही. वाटतं, नुसता तो तांब्या डोळ्यापुढं होता. मग वाटतं, ते रिकामे हंडेही होते. हंडे बघून मी ते बोललो असेन तर त्या पोराला तसं सांगायला पाहिजे होतं. आणि हंडे बघूनही मी आपलं सुखच सांगत बसलो असेन, तर मग ही यादी काय कामाची? माणसानं कशासाठी उठायचं?"

मी युनिट खाली ठेवलं. तुमच्याकडं बघून म्हणालो, "साधं बोललात. ऊन लागलेला माणूस बोलतो तसं. पण शेवटाला आवाज जरा खाली गेला होता तुमचा. दुसऱ्या कुणाची तरी आठवण आल्यावर जातो तसा." "नक्की?" "कान कुणाचे हायेत, मास्तर?" तुम्ही छताकडं तोंड केलंत. मग म्हणालात, "म्हणजे दोन्ही होतं." आणि उठून बसलात. चहा मागितलात.

त्याच आठवड्यात तुम्ही एकटेच जाऊन आलात तिकडं. मला आल्यावर सांगितलंत की पोरगा घरी होता, त्याला म्हणालो, तुमच्यावर नव्हतं, तुमच्यासाठीही पुरेसं नव्हतं, ती चूक माझी. मी विचारलं, "मग तो काय म्हणाला?" "काही नाही म्हणाला. त्याच्या आईनं पाणी दिलं." "मागितलं तुमी?" "नाही." "मग प्यालात?" तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मी वायर गुंडाळायला घेतली. तरी तुम्ही अंघोळीला गेल्यावर सदऱ्याच्या खिशात एस.टी.चं तिकीट बघितलंच मी. तिकडचंच होतं. पुढं वस्तीत सरकारी हापसा बसला आणि विहिरीचा मामला होता तिथंच राहिला, ते तुम्हाला माहीत आहे.

त्यानंतर तुम्ही खाट धरली ती एकदम शेवटचीच. मधली सगळी वर्षं परवान्याची पर्वा न करता तुमची सुखं भोंग्यावर वाजत राहिली, फक्त तुम्ही प्रत्येक गावात आधी विचारायला लागलात, इथं पाणी कुठून येतं म्हणून. लोक म्हणायचे, मास्तर भोंगा लावायला आलेत का टँकर. विद्यापीठाचं नाव शेवटी बदललं तेव्हा तुम्ही नव्हता. त्या दिवशी दोन्ही बाजूंनी मला भोंगा मागितला, एकीनं मिरवणुकीला, दुसरीनं निषेधाला, आणि मी दोघांनाही सांगितलं की मशीन बिघडलंय. मला तुमच्यासारखं बोलता येत नाही.

सून उद्या विचारील, बाबा, लिहिलं का काही. मी सांगीन, लिहिलं, आणि हे पान आधीच फाडलेलं असेल. टपालात टाकायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं, कारण आता जे लिहितोय ते तुम्ही वाचू नये. तुम्ही उठून बसलात ते माझ्या साक्षीवर. त्या चैत्रातल्या दुपारी तुमच्या हातात माईक दिल्यावर मी मंडपातल्या सतरंज्यांच्या ढिगावर आडवा झालो होतो. तुम्ही पारावर पाठमोरे होता. आदल्या रात्री दुसऱ्या गावच्या कामाला जागून मशीन वाहून आणलेलं, आणि भोंग्याच्या धंद्यातला माणूस भोंग्याखालीच गाढ झोपतो. घोळके आले तेव्हा त्यांतल्याच कुणीतरी मला हलवून जागं केलं. तुमचं ते वाक्य मी ऐकलंच नव्हतं.